रेडिओवरचे दोन मुके रविवार

सोलापूर, अक्कलकोट रोड
मंगळवार, दुपारचा चहा झाल्यावर

माझे एके काळचे शेजारच्या मागावरचे सोबती आणि जन्माचे विरोधी पक्षनेते चनबसप्पा यांस,

रावजीचा रामराम, आणि तुमच्या पद्धतीनं शरणू शरणार्थी. (दोन्ही लिहिलेत, रागात असलास तर निदान एक तरी घेशील.) पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. आम्ही नवराबायको खुशाल आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? शरणम्मावहिनींचा खोकला थांबला का? यंदा तुमच्या गावाकडं तूर बरी आहे असं एस.टी.त एकजण सांगत होता, ऐकून बरं वाटलं. दोन वर्षांत तुझामाझा एक शब्द नाही. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, आणि मोबाईलवर लिहावं तर तो तू देव्हाऱ्याखालच्या फडताळात टाकून दिलायस म्हणे. म्हणून पोस्टाला त्रास. माझं तसं काही काम नाही हं. सहज लिहितोय.

तर बातमी अशी की तुझा मित्र रेडिओवर गेला. हसू नकोस. आणि येत्या रविवारी सकाळी दहाला तो रेडिओवर राहणार की त्याच्या जागी अळूच्या वड्यांची कृती येणार, हे ठरायचं आहे. आता हे सगळं झालं कसं ते पहिल्यापासून सांगतो. तुला घाई नसेलच, तुरीला पाणी दिलं की तू मोकळाच.

आमच्या इथल्या कॉलेजच्या गच्चीवर एक छोटं रेडिओ केंद्र निघालंय. चार-पाच कोसांत ऐकू येतं म्हणतात. ते सुकन्या नावाची पोरगी चालवते, लई हुशार. एक दिवस मी कॉलेजसमोरच्या कँटीनवर नेहमीप्रमाणं देश सुधारत बसलो होतो. (तुला माझी मतं ठाऊक आहेत. मी जुन्या वळणाचा माणूस आहे आणि ते छातीठोकपणे सांगतो.) विषय निघाला पुढाऱ्यांचा. मी म्हणालो, आजकालचा पुढारी म्हणजे मागातला धोटा, दिवसभर या काठावरून त्या काठावर पळतो, आणि कापड मात्र मालकाचंच निघतं. (हे वाक्य तुझं आहे. तू ते माझ्या पक्षाबद्दल म्हणाला होतास. मी सगळ्यांना लावलं.) मग गाडी वळली इंग्लिश पिक्चरवर. हल्लीचे ते हिरो चड्डी वरून घालून उडतात, आणि दर खेपेला जग बुडायचं ते यांच्याच गावात. परग्रहाचं यान कधी सोलापूरला का उतरत नाही? उतरेल कशाला, एप्रिलात दार उघडून बघेल आणि तसंच परत जाईल. हे ऐकून सुकन्या चहा सोडून उठली आणि म्हणाली, काका, आमच्याकडं असं रोखठोक बोलणारं कोणी नाही, दर रविवारी अर्धा तास तुमचा. तीन रविवार बघू, जमलं तर कायम.

चनबसप्पा, त्या दिवशी घरी येताना मला आपला कारखानाच आठवत होता. अरे, रेडिओ तर आपण पस्तीस वर्षं चालवला की! चाळीस मागांचा खडखडाट, शेजारच्याचं शिंकणंसुद्धा ऐकू येत नव्हतं, आणि तरी अख्ख्या कारखान्याला सगळ्या जगाच्या बातम्या ठाऊक. डोक्यावर तिरका हात म्हणजे पुढारी. मिशीला पीळ म्हणजे मालक. बोट गोल फिरवलं की चहा. गुडघ्याच्या वर हात ठेवला की इंग्लिश नटी, आणि तो हात मी किती वर नेतो इकडं सगळ्यांचं लक्ष. (मी निषेध म्हणून दाखवायचो, लोक आवडीनं बघायचे.) बाकी सगळं ओठांवर. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे, समोरचा वाचतो.

आणि ते स्टेशनाकडच्या टॉकीजमधले सकाळचे खेळ! तुला मला इंग्लिश कुठलं येतंय? पण तू छातीवर हात मारून सांगायचास, आवाज सोड रे, मी ओठ वाचतो. आणि खरंच सगळा पिक्चर सांगायचास. तुझ्या सांगण्यात प्रत्येक पिक्चर बोनसवरच असायचा. घोड्यावरून जाडा माणूस आला की तो मालक. हिरोनं पिस्तूल काढलं की संपाची नोटीस. एकदा बोट बुडत होती तर तू म्हणालास, बघ, खालच्या वर्गाची दारं लावून घेतली. माझ्या सांगण्यात तोच हिरो बापाचं न ऐकता घर सोडून गेला म्हणून त्याची ही गत. शिवाय बूट घालून अंथरुणावर लोळणारा माणूस जगाला काय वाचवणार, हा माझा सवाल आजही कायम आहे. दुसऱ्या दिवशी कारखान्यात एकच पिक्चर दोन मागांवर दोन तऱ्हेचा लागायचा, तुझ्या मागावर लाल, माझ्या मागावर सोवळा. लोक माना फिरवून फिरवून दोन्ही बघायचे आणि सूत तुटायचं. पुढं मी जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम झालो तरी फेरी मारताना तुझ्यासमोर थांबल्याशिवाय मला दिवस गेल्यासारखा वाटायचा नाही. आणि माझी ती कापसाची नक्कल! तिच्याएवढा हशा कारखान्यात कधी झाला नाही. असो. लई चांगले दिवस होते गड्या.

तर पहिला रविवार. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. (रेडिओवर सदरा दिसत नाही हे बजाबाईनं तीनदा सांगितलं. ती माझी बायको असून तिला माझी किंमत नाही, हे तुला जुनंच आहे.) आत एक खोली, भिंतींना गाद्या लावलेल्या, आणि शांतता अशी की मला माझ्याच पोटातला चहा ऐकू यायला लागला. काचेपलीकडं सुकन्या. लाल दिवा लागला, तिनं हात केला, आणि मी सुरू झालो. काय बोललो म्हणून सांगू! पुढारी घेतले, नट्या घेतल्या, उडणारे हिरो घेतले, बूट घातलेले घेतले. अर्धा तास घाम निघेपर्यंत बोललो. बाहेर आलो तर सुकन्या डोकं धरून बसलेली. म्हणाली, काका, तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत.

अरे, मी नुसते ओठ हलवत होतो! हात करत होतो, मिशी पिळत होतो, गुडघ्याच्या वरसुद्धा हात नेला होता. आवाज तेवढा काढला नाही. पस्तीस वर्षांची सवय, मजेदार बोलायचं म्हटलं की गळा आपोआप बंद. ती बिचारी अर्धा तास वायरी बदलत होती. इकडं घरी बजाबाईनं गल्लीतल्या सगळ्या बायका जमवल्या होत्या. तिनं रेडिओ थोपटला, सेल बदलले, शेवटी उदबत्ती ओवाळली. मी घरी आल्यावर म्हणाली, "घरात तोंड मिटत न्हाय, आन् सरकारच्या पेटीत गेल्यावर वाचा बसली व्हय?" (ती पेटी सरकारची नाही हे सांगण्यात अर्थ नव्हता.) पण एक गंमत सांगतो, केंद्रावर एका म्हाताऱ्याचा फोन आला. म्हणाला, राजकारणावर इतकं सभ्य भाषण मी आयुष्यात ऐकलं नाही.

दुसऱ्या रविवारी सुकन्यानं युक्ती काढली. म्हणाली, काकांना शांततेची सवय नाही, आपण त्यांच्या कानात मागांचा आवाज सोडू. ती एमआयडीसीत जाऊन आवाज भरून घेऊन आली. मी कानाला हेडफोन लावला आणि चनबसप्पा, खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. तोच खडखडाट, मध्येच तो अडखळणारा एक माग, तुझाच असल्यासारखा. मग काय, हात आपसूक चालू झाले आणि गळा आणखी घट्ट बंद. त्यात कुठली तरी कळ चुकीची दाबली गेली आणि अर्धा तास सगळ्या गावाला नुसता मागांचा आवाज. कारखान्यातल्या लोकांचे फोनावर फोन, की अहो आज आमची सुट्टी आहे, आता घरातपण कामावर बोलावता काय?

मग बजाबाईला समोर बसवून सराव केला. तिच्याशी माझा आवाज निघतो, पण माझं वाक्य ती माझ्याआधी पुरं करते आणि तेही उलट. आरशासमोर बसून बघितलं, तर आरसा सगळ्याला हो म्हणतो. काल रात्री जेवताना बजाबाई सहज म्हणाली, "तुमाला आवाजाचं न्हाय दुखनं. तुमाला समोर ते पायजेत, बसप्पाभावजी." मी म्हणालो, मला कोणाची गरज नाही. भाकरी मात्र अर्धी राहिली.

आता दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस काढतोच. तू काम सोडून गावी निघालास, तेव्हा तुला निरोप द्यायला कारखान्यात सगळे जमले होते. तुझे कान पार गेले होते, आणि मी हार घालून सवयीनं म्हणालो, लाल बावट्यानं याला काय दिलं बघा, आता मालकाची शिवीपण ऐकू येत नाही. सगळे हसले. तू माझे ओठ वाचलेस आणि डोळे मिटून घेतलेस. पंधरा मिनिटं मी समोर उभा होतो. तू काही उघडले नाहीस. बहिऱ्या माणसानं डोळे मिटले की त्याच्याशी बोलायला जगात दार उरत नाही, हे मला तेव्हा कळलं. पण मीही आडमुठा, निघून आलो.

असो. काम काही नव्हतंच, सहज लिहिलं. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला तेल लावत जा, आणि राग उरला असेल तर हे पत्र चुलीत घाल, पण वाचून झाल्यावर.

तुझाच, चुकीच्या पक्षाचा,
रावजी

ता. क. रविवारी सकाळी पावणेदहाला कॉलेजवर ये. सुकन्याला सांगून दोन खुर्च्या समोरासमोर लावून ठेवल्यात. मी बोलेन, तू ओठ वाच आणि मोठ्यानं खोडून काढ. तू समोर असलास की माझा गळा उघडेल, कारण तुझ्याशी मला जिंकायचं असतं.

ता. क. दुसरा. बजाबाई शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून ठेवणार आहे. ती म्हणते तुझ्यासाठी, माझ्यासाठी नाही.

ता. क. तिसरा. हे वर लिहायला धीर झाला नाही म्हणून इथं लिहितो. ती कापसाची नक्कल. मागांच्या खडखडाटानं कान जाऊ नयेत म्हणून तुम्ही युनियनवाल्यांनी कानात घालायला कापसाचे बोळे वाटले होते, आणि मी मागांच्या मधोमध दोन्ही कानांत, नाकात कापूस घालून आडवा झालो होतो, की कापूस मेलेल्याला घालतात रे, आपले बाप काय कापूस घालून विणत होते? अख्खा कारखाना हसला आणि सगळ्यांनी बोळे काढून टाकले. तूसुद्धा हसलास आणि काढलास. मी पुढं जॉबर होऊन केबिनचं दार लावून बसलो, म्हणून मला अजून ऐकू येतं. तुझे कान लाल बावट्यानं नेले नाहीत चनबसप्पा. माझ्या विनोदानं नेले. मला माफ कर.

ता. क. शेवटचा. रविवारी मी दोन्ही कानांत कापूस घालून बसणार आहे. बजाबाईनं वळून ठेवलाय. तुझे ओठ वाचीन, येतं मला अजून. पहिलं वाक्य तू बोल.