रंगीत सालीच्या झाडासह घराची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, अविवाहित, रंगाच्या दुकानात एकतीस वर्षं छटा जुळवण्याचं काम केलेली, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. गुरुवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे. आधीचे तीन मसुदे मीच फाडले. ते रद्द समजावेत. हा लिहितानाही चारदा उठले, वकील वैतागलेत.

१. रंग ढवळायच्या पट्ट्या आणि छटांची वही दुकानात माझ्या जागी आलेल्या मुलीला. मालकाला काही नाही. मी जुळवलेल्या छटांना त्याने स्वतःच्या लेकींची नावं दिली, हे मी विसरलेले नाही.

२. राहतं घर धाकट्या भावाला. कारण लिहिणं भाग आहे. एकोणीस वर्षांपूर्वी, रोपवाटिकेत कामाला असताना, त्याने खिडकीजवळ एक रोप लावलं. झाड झपाट्याने वाढलं. त्याची साल पट्ट्यापट्ट्यांनी सोलून निघते; आत पोपटी, मग निळी, जांभळी, शेवटी विटकरी. त्यातली एकही छटा मला कधी जुळवता आली नाही, आणि माझा खरा राग त्यावरच होता. मुळांनी स्वयंपाकघरातली फरशी उचलली तेव्हा झाड तोडायला निमित्त मिळालं. तो म्हणाला, फरशी बसवून देतो, झाड राहू दे. मी हट्टाला पेटले. शेवटी फांद्या उतरवायला तो वर चढला आणि पडला. कंबरेचं हाड मोडलं, डावा पाय कायमचा अधू झाला. दवाखान्यात मी त्याला म्हणाले, "तोडायला सांगितलं होतं, पडायला नाही." त्यानंतर अकरा वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. झाडाला मी पुन्हा कुणाला हात लावू दिला नाही.

काल त्याच्या दारात गेले. माफी मागायचं ठरवून गेले आणि घराचंच बोलत बसले. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "घराचं राहू दे. झाड केवढं झालंय?"

मी कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं.

३. झाड ठेवायचं की तोडायचं, हे तोच ठरवेल. इतर कुणी मध्ये पडू नये.

४. ज्याला मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील सांगतात, म्हणून तो बाहेर आहे. सकाळी आपणहून आला. खिडकीतून दिसतोय, खोडाला हात टेकून वर बघतोय, केव्हाचा त्याच पायावर उभा. उरलेली कलमं वकिलांनी रिवाजाप्रमाणे लिहून घ्यावीत, मी वाचणार नाही. मला सही करून त्याच्यासाठी खुर्ची बाहेर न्यायची आहे.

सही: (घाईत केलेली, पण माझीच)

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपी
२. समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी सव्वाअकरा