एकशे शहाण्णवचं उत्तर

नाहूर,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय नितेश,

ताईचे आशीर्वाद. फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. सांताक्रूझला सगळे बरे ना? ऋतिकाचा पहिला दात पडला, असं शकुमावशीकडून कळलं. इथे पाणी आता पहाटे साडेपाचला येतं. आबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. चांगलं दिसतंय.

ते तयार कसे झाले, विचारशील. तेच सांगायचंय.

त्यांचं एकशे शहाण्णव तू विसरला नसशील. आकडा उलटा करून त्यातच मिळवायचा, दोन्हीकडून सारखा वाचता येईपर्यंत. सत्तावन्नचे दोनच पायऱ्यांत तीनशे त्रेसष्ट होतात. एकशे शहाण्णव संपतच नाही. गिरणी सुटल्यापासून आबा वह्या भरतायत. "कॉम्प्युटरलासुद्धा सापडलेलं नाही. आयुष्य फुकट घालवलंत," तू म्हणालास आणि त्यांनी तुला घराबाहेर काढलं. चार वर्षं झाली.

पुढे त्यांना दिसेनासं झालं. बेरीज मी करायची, ते ऐकत बसायचे. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "महिनाभर वही बंद? जमायचं नाही." गॅसवर हात भाजला, जिन्यात पडले, तरी नाहीच.

मी थकले होते रे. दिवाळीनंतर एका दुपारी मनानेच आकडे लिहिले आणि दोन्हीकडून वाचून दाखवले. म्हटलं, "आबा, सापडलं!"

लहान मुलासारखे रडले. अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. आठवड्याने स्वतःहून ॲडमिट झाले.

गेल्या रविवारी नवा चष्मा लावून वही काढली. तुला बोलावून दाखवायची होती; त्याआधी स्वतः तपासतो म्हणाले. मी डाळीला फोडणी देत होते. हाक आली.

"ह्या अक्षर तुझा ना गो?"

"हो, आबा."

"नितेशान निदान तोंडार सांगितल्यान. तू माका फसवलंस."

तेव्हापासून एक शब्द नाही. मी केलेलं खात नाहीत. शकुमावशी डबा आणते, त्यातले दोन घास खातात. वहीला हात लावलेला नाही. काल वरच्या वसुधाकाकूंनी विचारलं, "आबा, बक्षीस कधी मिळणार?" त्यांनी नुसते हात जोडले. मला तिथे उभं राहवेना.

तू ये. माझी बाजू मांडू नकोस, मला बाजू नाहीच. फक्त त्यांच्यासोबत जेवायला बस. तुझ्या हातून घेतील.

तुझी नक्की, आबांची अजून आहे की नाही, ठाऊक नाही,
श्वेताताई