अस्सलबरहुकूम

४ मार्च

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

लिहायला बसण्याचं कारण एकच. काल तुझ्या लेकीचं, आपल्या खारूचं, पाकीट आलं. आत वहीतून जशीच्या तशी उतरवून काढलेली शॉर्टहँडची चार पानं आणि एक चिठ्ठी, की आत्या, माझ्या रेषा तपासून दे. रेषा तपासल्या आणि पानं शेगडीत घातली. हे पत्र टपालात टाकत नाही, बसच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. तो माझ्या शेजारचा आणि तोंडाचा घट्ट आहे. वाचून झालं की तूही शेगडी पेटव.

त्या पानांत तुझ्या घरात बोललेला शब्द न् शब्द आहे. कारखान्याच्या संपात जखमी झालेल्या फिटरच्या खांद्याला तुझ्या बायकोने सात टाके घातले, दोरा इस्पितळातून आणला, तो तुमच्या माळ्यावर झोपतो, पोलीस त्याला कुठे शोधताहेत यावर तुम्ही दोघं काय बोललात, मध्ये कोण खोकलं, सगळं. शॉर्टहँड मीच तिला सुट्टीत शिकवलं, तेव्हा अभिमान वाटायला हवा होता. मी आधी दाराची कडी लावली. हे कुणी वाचलं तर नर्सबाईंची नोकरी जाईलच, पण तेवढ्यावर भागणार नाही. फिटरसाठी दार उघडणाऱ्यालाही ते आत टाकताहेत.

खारू लिहिते, की हा इंग्रजीचा गृहपाठ आहे आणि तो तूच दिलास. तू वर्गात शिकवतोस त्या कादंबरीत म्हणे असं शहर आहे, जिथे प्रत्येक घरातल्या एकाने जेवताना झालेलं बोलणं टिपायचं आणि दर आठवड्याला सरकारात भरायचं. मुलांना ते जगणं कळावं म्हणून तू चाळीस पोरांना आठ दिवस आपापल्या घरात तेच करायला लावलंस. लहानपणी विहीर किती खोल आहे हे बघायला तू उडी मारली होतीस. केस पिकले, तू तसाच राहिलास.

वही आजच तिच्याकडून काढून घे. तिला रागावू नकोस. तिने सांगितलं ते केलं आणि नीट केलं. ती कादंबरी मला पाठवून दे. लोभ आहेच, तुला शहाणपण आलं की आणखी वाढेल.

तुझी ताई


८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं आणि हुकमाप्रमाणे जळलंही. राख बघून बायकोने विचारलं, की वन्संचा राग इतक्यात विझला का.

वहीचं म्हणशील तर तुझं पत्र येण्याआधीच ती जमा झाली होती. वर्गातल्या कपाटात बाकीच्या एकोणचाळीस वह्यांबरोबर कुलपात आहे. एकटीच बाहेर काढली तर पोरं विचारतील, की मास्तरांच्या मुलीला सूट का. शिवाय ते शॉर्टहँड मला स्वतःला कळत नाही. कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालत गेली असं दिसतं. ते वाचणार कोण? तू, नाहीतर ती कोंबडी.

गृहपाठावरून वर्ग मात्र कधी नव्हे इतका जागा झालाय. कादंबरीतली लिहिणारी बाई शेवटी शेजाऱ्यांना वाचवायला एक पान फाडते आणि त्या गाळलेल्या पानामुळेच पकडली जाते. मी विचारलं, की चूक कुणाची, बोलणाऱ्याची की लिहिणाऱ्याची. बराच गोंगाट झाला. मग खारू उभी राहिली आणि म्हणाली, की चूक गृहपाठ देणाऱ्याची. सगळे हसले, मीही हसलो.

पाहुण्यांचा खांदा सुकत आलाय, परवा निघतील. कंडक्टर दोन दिवस दिसला नाही, म्हणून हे टपालानेच पाठवतो. कादंबरी वेगळी पाठवली आहे. उगीच काळजी करू नये आणि धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा भाऊ


१२ मार्च

चि. भाऊस आशीर्वाद.

कालचं पाकीट मिळालं. डिंक कडेपर्यंत, एकसारखा, नीट लावलेला होता. तू आयुष्यात कधी पाकीट नीट चिकटवलेलं नाहीस. टपालाने पुन्हा एक ओळही लिहू नकोस. कपाटाची किल्ली तुझ्याकडे असेल तर उद्या शाळा भरण्याआधी जा आणि ती वही उचल. पोरं काय विचारायचं ते विचारोत.

ताई


१५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी कंडक्टरने तेरा तारखेला शाळा सुटताना दिली. एका पालकाने तक्रार केली होती, की ही कादंबरी मुलांच्या डोक्यात सरकारविरुद्ध विष कालवते. त्याच दिवशी दुपारी चौकशीचे दोघे येऊन गेले होते. त्यांनी माझ्याच हाताने कपाट उघडायला लावलं आणि चाळीसच्या चाळीस वह्या पोत्यात भरून नेल्या. खारूची वही एकाने उलटी धरली, मग सुलटी, आणि विचारलं, की ही कुठली भाषा. मी शॉर्टहँड म्हणालो. कुणी शिकवली असं विचारल्यावर पुस्तकातून शिकली म्हणालो. त्याने वहीवर लाल खडूने फुली मारली आणि ती पोत्यात न टाकता स्वतःच्या काखेत घेतली.

पाहुणे सुखरूप गेले. माळा दोनदा धुतला. बायको कामाला जाते, परत येते आणि दार लागलंय का ते तीनदा बघते. जेवताना कुणी बोलत नाही. खारू तर घास घेतला की तोंडावर हात ठेवते. काल तिने मला पाटीवर लिहून विचारलं, की आईला नेतील का. मी वाचलं आणि लगेच पुसून टाकलं. पुसताना लक्षात आलं, की कादंबरीत घराघरांत हेच चालतं आणि वर्गात मी त्याच पानावर विनोद केला होता.

ताई, काय करू ते सांग. दुसरं लिहायला काही नाही.

तुझा भाऊ


२१ मार्च

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

वही माझ्याकडे आली होती. घाबरू नकोस, आधी पुरतं वाच.

जुनं शॉर्टहँड वाचणारं माणूस चौकशीवाल्यांना हवं होतं. त्यांनी कोर्टात विचारलं आणि कोर्टाने निवृत्त लघुलेखिका म्हणून माझं नाव दिलं. माझं आडनाव लग्नानंतरचं, त्यामुळे कुणालाही नातं दिसलं नाही. अजून तरी दिसलेलं नाही; तुझं पाकीट उघडणाऱ्यांनी यांना काही कळवलेलं दिसत नाही. सोमवारी त्यांचा कारकून सीलबंद पाकीट घेऊन आला, तीन दिवसांची मुदत देऊन गेला आणि जाताना भिंतीवरचे फोटो बघत उभा राहिला. तुझ्या लग्नातला फोटो मी पहिल्या पत्राच्या दिवशीच उतरवला होता. भिंतीवर त्याचा फिकट चौकोन राहिलाय. त्याने चौकोनाकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. न विचारणाऱ्यांची मला जास्त भीती वाटते.

तुझी कादंबरी एका बैठकीत वाचली. लिहिणाऱ्याने कचेरीत एक दिवसही काढलेला नाही. पान फाडलं की भोक पडतं आणि भोक आंधळ्यालाही सापडतं. ती बाई माझ्या हाताखाली असती तर पहिल्याच दिवशी घरी पाठवली असती. गाळायचं नसतं, भरायचं असतं.

शॉर्टहँड पेन्सिलने लिहायचं हे मीच खारूला शिकवलं होतं, तेवढं बरं केलं. फिटरचं बोलणं अकरा पानांवर होतं. ती पानं मी खिडकीच्या उजेडात खोडली आणि त्याच ओळींवर, तेवढ्याच लांबीचं, दुसरं बोलणं तिच्या अक्षरात लिहिलं. तिची बारीक रेष जाड होते आणि जाड रेष वाकडी जाते. तिच्या चुका जशाच्या तशा करताना मला जितके कष्ट पडले तितके कोर्टात एकतीस वर्षांत पडले नाहीत. उरलेल्या पानांना हात लावलेला नाही. पान सहावर नर्सबाई म्हणतात, की वन्सं राहायला आल्या की घरातली घड्याळंसुद्धा सावधान उभी राहतात. तेही तसंच टाइप केलं.

नक्कल पुरी झाल्यावर खाली लिहिलं, की अस्सलबरहुकूम, एकही शब्द कमीजास्त नाही, आणि सही केली. नोकरीत असताना एका न्यायाधीशाने त्यांच्या तोंडून निसटलेला एक शब्द गाळायला सांगितला होता, तो मी गाळला नव्हता. हे फक्त तुला सांगून ठेवते. पुन्हा हा विषय काढायचा नाही.

गुरुवारी कारकून आला. त्याने पानं मोजली. एक पान खिडकीशी धरलं आणि म्हणाला, की कागद इथे खरबरीत लागतोय. मी म्हणाले, की शिकाऊ पोरी खोडतात फार. त्याने त्या ओळींवरून पुन्हा अंगठा फिरवला. मग त्याने वही बंद केली आणि जाता जाता सांगितलं, की आठवडाभरात तुम्हा तिघांनाही बोलावतील, वेगवेगळ्या खोल्यांत बसवतील आणि त्या आठ दिवसांत घरात काय बोलणं झालं ते विचारतील. तुम्हाला आधी कळवू नये अशी त्याला ताकीद आहे. मला कशासाठी सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही.

म्हणून सोबत त्या अकरा पानांच्या टाइप केलेल्या नकलेची कार्बन प्रत आहे. त्या आठवड्यात तुम्ही हेच बोललात. रविवारी न्हाणीघरातला नळ गळत होता आणि तू प्लंबरला नावं ठेवलीस. मंगळवारी नर्सबाईंना डबल ड्युटी लागली. बुधवारी खारूने नवे बूट मागितले आणि तू नाही म्हणालास. रोज जेवताना हेच बोला, तोंडात बसेपर्यंत. बूट घेऊ नकोस. नळ खरोखर बिघडव आणि प्लंबरला बोलाव. खारू कवितेसारखं घडाघडा म्हणेल, तसं होऊ देऊ नका. तिला अडखळायला शिकवा. आणि तिला तोंडावरचा हात काढायला सांग. गप्प घर लगेच लक्षात येतं.

माझी माया कागदावर मागू नका. ती आहे.

दिल्या-घेतल्याची नोंद:

चौकशी कचेरीच्या कारकुनाला: निळ्या पुठ्ठ्याची वही एक, पानं चौसष्ट, फाटलेलं एकही नाही. टाइप केलेली नक्कल, कागद अठरा, प्रत्येकावर सही. पोच घेतली.

कंडक्टरच्या हाती तुला: कार्बन प्रत, कागद पाच. पाठ झाल्यावर शेगडीत.

खारूला: खोडरबर एक, अर्धा झिजलेला.

पोच पाठवू नये.

ताई