रिकामं कसं काढायचं

४ फेब्रुवारी
‘एम्प्टी’ माझ्या वाट्याला आला! इंग्रजी शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी नवं पुस्तक निघतंय. एकेक विशेषण, त्याची रोजच्या बोलण्यातली वाक्यं आणि दर वाक्याला एक चित्र. संपादक फोनवर म्हणाले, “बिग झालं, स्मॉल झालं. एम्प्टी तुम्ही घ्या. तुमच्या हातचा मळ आहे.” संपादकांना आम्ही सगळे मागून लालपेन म्हणतो. त्यांच्या हाताखालून कोरा कागद गेला तरी एखादी खूण घेऊन परत येईल.

घेते म्हटलं. बाहेर शोधायला जायला नको. घरभर तेच आहे.

नवरा घर सोडून गेला त्याला महिना होत आला. दारात उभा राहून एवढंच म्हणाला – “हे पुस्तक संपेपर्यंत वेळ दे. मग काय ते सांगतो.” चित्रं तोच काढतो. पहिल्या पुस्तकापासून वाक्यं माझी, चित्रं त्याची. ऑफिसात मी कुणाला काही सांगितलेलं नाही. फोन ठेवताना लालपेन म्हणाले, “साहेबांना नमस्कार.” सांगते म्हटलं!

६ फेब्रुवारी
वाक्यं धाडली. कप, डबा, रस्ता, बाटली. कुठे चूक होते तेही दाखवायचं असतं म्हणून एक चुकीचं वाक्य टाकलं – ‘आय ॲम एम्प्टी टुडे.’ आपल्याकडे शिकणारे हमखास असं बोलतात. लालपेनचा लगेच फोन. “छान! माणूस रिकामा असला तर फ्री, डबा रिकामा असला तर एम्प्टी.”
“आणि डोकं?”
“डोक्याला एम्प्टी चालतं. आमच्या मालकांचं उदाहरण देऊ नका म्हणजे झालं.”
मी हसले. फोन ठेवल्यावरही थोडा वेळ हसतच होते. मग थांबले.

९ फेब्रुवारी
ऑफिसचा जुना दंडक – लिहिणाऱ्याने चित्रकाराला काही समजावून सांगायचं नाही. चिठ्ठी नाही, फोन नाही. वाक्य पाकिटातून जातं, चित्र पाकिटातून येतं. चित्रावर सहीसुद्धा नाही. नुसत्या वाक्यावरून चित्र सुचलं नाही, तर वाक्यच बाद.

आमची ओळख अशीच झाली. मी ‘शी इज हॅपी’ असं वाक्य दिलं होतं. परत आलं. समासात पेन्सिलने – “हे काढायचं तर हिला भेटावं लागेल.” लालपेनने खाली लाल शाईत लिहिलं होतं – “दंडक मोडला आहे. दोघांनी चहा पाजावा.”

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्याने घरातली एक वस्तू काढायची सोडली नाही. मी म्हणायचे, केरसुणी तरी सोड रे! तीही काढली.

१४ फेब्रुवारी
चित्रं आली.

कप आमचा आहे. कानाचा टवका उडालेला, तोच. मागच्या खिडकीला पडदा – चौकड्यांचा! तो पडदा मी कधीचा ट्रंकेत टाकला. त्याने मात्र तोच काढलाय. इतके कप आहेत जगात, इतके पडदे.

चिठ्ठी लिहायला बंदी आहे. चित्र काढायला नाही ना.

१५ फेब्रुवारी
रेघ थोडी थरथरलेली वाटली. त्याचा हात असा नव्हता. झोप होत नसेल.

१९ फेब्रुवारी
नणंद येऊन गेली. चप्पल काढायच्या आधीच – “वहिनी, किती वाळलीस गं! आरसा विकलास की काय?” मग ओट्याला टेकून उभी राहिली आणि भांडी विसळायला लागली. पाठ माझ्याकडे.

“दादाचं मला विचारू नकोस.”
“मी कुठे विचारलं?”
“विचारू नकोसच. पण वहिनी... डोळ्यांत प्राण आणून वाट बघू नकोस. मी त्याची सख्खी बहीण असून सांगते. तो सुखासुखी परत फिरणारा नाही, लहानपणापासून तसलाच.”

चित्रं टेबलावर पालथी ठेवली होती. दाखवावीशी वाटली, पण नाही दाखवली. तिला काय कळणार त्यातलं! जाताना तिने विसळलेलीच भांडी पुन्हा पुसली. डोळे भरलेले होते. तिचेच.

२० फेब्रुवारी
ट्रंक उघडली. चौकड्यांचा पडदा धुतला, वाळवला, लावला. एका कडेला विरलाय. लांबून कळत नाही.

२६ फेब्रुवारी
‘द चेअर इज एम्प्टी.’ मुद्दामच दिलं. त्याची खिडकीजवळची खुर्ची रोज डोळ्यांसमोर असते, मग वेगळं काय लिहायचं? सोपं वाक्य आहे, लालपेन बाद करणार नाहीत.

पण रिकामी खुर्ची काढतात कशी? नुसती खुर्ची काढली तर ती खुर्चीच. तो म्हणायचा, रिकामं दाखवायचं असेल तर आधी तिथे काय होतं ते दाखवावं लागतं.

३ मार्च
काय काढलंय!

खुर्ची आमचीच. गादीत खळगा, हातावर अर्धवट घडी केलेला टॉवेल. माणूस आत्ताच उठून आतल्या खोलीत गेलाय, आवाज दिला तर येईल – असं. मी चक्क मान वळवून आत बघितलं. मूर्ख बाई!

खूप रडले. मग तोंड धुतलं, केस विंचरले. असं चित्र काढणारा माणूस कायमचा गेलेला नसतो. नणंदेला काय माहीत.

४ मार्च
दोन कप चहा टाकला. सवयीने नव्हे.

८ मार्च
लालपेन – “शेवटचं वाक्य नकाराचं हवं. ‘नॉट’ घालून. त्याशिवाय धडा पुरा होत नाही.” अर्ध्या तासात देते म्हटलं. दिवस गेला. बादली नॉट एम्प्टी, पिशवी नॉट एम्प्टी... सगळी वाक्यं बरोबर आणि एकाचाही उपयोग नाही.

संध्याकाळी लिहिलं – ‘द हाउस इज नॉट एम्प्टी.’
मी विचारलंय. आता त्याने सांगावं.

९ मार्च
पाकीट गेलं.

१३ मार्च
काही नाही. भाजीवाली म्हणाली, “ताई, आज दोघांची घेताय वाटतं?” हो म्हटलं. शेजारीण ऐकत होती. ऐकू दे.

१६ मार्च
आलं!

आमचं दार, सताड उघडं. आत दिवा. उंबऱ्याशी चपलांचे दोन जोड – एक माझा, एक त्याचा. त्याचा डावा नेहमीसारखा तिरका. किती वर्षं ओरडले असेन त्या तिरक्या चपलेवरून! आता काही म्हणणार नाही. हवी तिथे, हवी तशी काढ बाबा.

नणंदेला फोन केला. “तुझा दादा येतोय.” ती म्हणाली, “तुला कुणी सांगितलं?” मी म्हटलं, त्यानेच. ती म्हणाली, “वहिनी, मी उद्या येते. कुठे जाऊ नकोस.” मी म्हटलं, उद्या नको, पुस्तक संपलंय, शेवटची पानं द्यायला मीच ऑफिसात जाणार आहे. तोही येईल. पुस्तक संपलं की सांगतो म्हणाला होता.

कोणती साडी नेसू?

१७ मार्च
ऑफिसात गेले. चित्रांच्या टेबलाशी एक मुलगी बसली होती, बोटं शाईने माखलेली. लालपेन म्हणाले, “ही आमची नवी चित्रकार. साहेबांनी जानेवारीत राजीनामा दिला तेव्हापासून हीच काढते. जाताना ते घराच्या जुन्या स्केचेसचा गठ्ठा इथेच टाकून गेले – म्हणाले, मला आता नकोत. बरंच त्यावरूनच उतरवते बिचारी. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्हाला ठाऊकच असणार!”

मुलगी उठून उभी राहिली. “मॅडम, खुर्ची नीट आलीय ना? तीच फार अवघड गेली.”

म्हटलं, हो. हुबेहूब.