अमेरिकन बाईंच्या वाकड्या रेषा

६ ऑगस्ट

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्याविरुद्ध एक तक्रार रीतसर दाखल करत आहे. ती क्षुल्लक आहे हे फिर्यादीला मान्य आहे. पण जगातली मोठी भांडणं क्षुल्लकातूनच उभी राहतात, आणि भांडणाला मी नेहमीच उपलब्ध असतो.

वाढदिवसाची तुझी भेट काल पोचली. पुठ्ठा, त्याखाली पुठ्ठा, त्याखाली चिकटपट्टी. ती सोडवायला मी, तुझी वहिनी आणि स्वयंपाकघरातली सुरी असे तिघं लागलो. आत निघालं काय, तर कुणा अमेरिकन बाईंचं चित्र! फिकट कागदावर आडव्याउभ्या रेषा. फूल नाही, पान नाही, माणूस तर नाहीच. गणिताची कोरी वही मांडून बाई उठून गेल्यासारख्या वाटतात. तू लिहितेस की ही चित्रं बघायला तिकडे लोक तासन्‌तास बाकांवर बसतात. बसोत. बाक चांगले असतील.

पण तक्रार चित्राची नाही, काचेची आहे. काच मधोमध फुगीर आहे. रेषा कडेपासून शिस्तीत निघतात आणि मध्यावर आल्या की पाण्यात बुडवलेल्या काठीसारख्या वाकतात. फ्रेमच्या दुकानाची मालकीण सख्ख्या भावाच्या गळ्यात टाकाऊ काच मारते, याला काय म्हणावं? परकं गिऱ्हाईक असतं तर तुला दुकानाबाहेर काढून जाब विचारला असता.

सोबतची अमेरिकन कादंबरीही सुरू केली आहे. शंभर पानं झाली, नवराबायको अजून गळक्या नळाबद्दलच बोलताहेत. तरी नेटानं वाचतो आहे, कारण वाचनमंडळानं पुढच्या महिन्यात माझं व्याख्यान ठेवलं आहे: ‘आधुनिक अमेरिकन साहित्य आणि कला: एक वैयक्तिक आकलन’. ज्या मंडळानं आजवर मला फक्त आभार मानायला उभं केलं, त्यांनी अखेर आभार ऐकायला बसवायचं ठरवलं आहे. संस्कृतच्या मास्तराला जुनंच कळतं, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या रांगेत जागा राखून ठेवणार आहे.

लोभ आहेच, काच तेवढी बदलावी.
तुझा
दादा

११ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काच मी स्वतः कापते. कारागिराला हातसुद्धा लावू देत नाही. तुझं पत्र वाचलं आणि त्याच गठ्ठ्यातली दुसरी काच काढून वर्तमानपत्रावर ठेवली. एक ओळ इकडची तिकडे झाली नाही. तेव्हा नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच म्हणते. चष्मा पुसतोस का कधी? की तोही परंपरेनं आलाय तसाच जपायचा?

हे चित्र मी का निवडलं, ते तू विचारलंही नाहीस. दिवसभर दुकानात करवत, हातोडी आणि घासाघीस. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की मी या चित्राची माझी प्रत समोर ठेवून बसते. डोक्यातला गलका खाली बसतो. मला त्यात आईनं घडी घालून ठेवलेली पांढरी चादर दिसते. तुला काय दिसतं ते लिही. काचेचं पुराण पुरे.

आणि त्या नळाला नावं ठेवू नकोस. त्यांची मुलगी घर सोडून गेली आहे. मुलीला परत आणणं त्यांच्या हातात नाही, नळ दुरुस्त करणं आहे. म्हणून ते नळाचं बोलतात. मी आधी वाचली, मग तुझ्यासाठी नवी प्रत घेतली.

वहिनीला नमस्कार. लोभ ठेव, पण माझ्या मालाला नावं न ठेवता.
तुझी
ठिणगी

१७ ऑगस्ट

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काचेची निर्दोष मुक्तता करण्यात आली आहे. मी ती फ्रेममधून काढून पाहिली (ओरडू नकोस, खिळे डबीत सांभाळून ठेवले आहेत). काच नसतानाही रेषा वाकतातच. म्हणजे हे कृत्य त्या अमेरिकन बाईंचं आहे, आणि बुद्धिपुरस्सर आहे.

एकदा हे ध्यानात आलं आणि चित्र माझ्यापुढे उलगडलं. कडेला सगळं आखीवरेखीव: ऐश्वर्य, शिस्त, रुंद रस्ते. मध्याकडे जावं तशी रेषा डगमगते, आणि ऐन मधोमध एक करडी सावली आहे, पुसट, धुरासारखी. नजर न्यावी तिथे ती आधीच येऊन बसलेली असते. एका अख्ख्या समाजाच्या पोटातली पोकळी बाईंनी पेन्सिलीच्या चार रेषांत धरली आहे. तुला त्यात चादर दिसते. धन्य आहे. व्याख्यानाचा कळस याच चित्रावर चढवणार आहे. ते पडद्यावर मोठं करून दाखवायची व्यवस्थाही झाली.

कादंबरीवर मात्र माझा राग आहे. तुझं नळाचं स्पष्टीकरण वाचलं. अगं, न सांगता सुचवणं हा आम्हा संस्कृतवाल्यांचा पिढीजात धंदा आहे. पण घंटेचा नाद मागे रेंगाळायचा, तर आधी घंटा वाजवावी लागते ना? इथे कुणी टोलच देत नाही! मुलगी गेली, तर म्हणा की एकदा, गेली म्हणून. दोनशे पानं झाली, तिचा साधा उल्लेख नाही. छपाईही भिकार. आमच्या घरच्या ट्यूबनं तर वाचकांविरुद्ध कट केला आहे, डोकं भणभणतं.

लोभ आहे, तो चादरीत गुंडाळून ठेवू नये.
तुझा
दादा

२२ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काच काढलीस? उघड्या कागदाला बोटं लावलीस? बोलणंच खुंटलं.

तरी बोलते. काल माझी प्रत टेबलावर उलगडली आणि रेषारेषेला पोलादी पट्टी लावली. एकही रेषा वाकत नाही. करडी सावली तर कुठेच नाही. मध्ये तोच कागद आहे जो कडेला आहे. तुझी प्रत आणि माझी प्रत एकाच छपाईच्या, एकाच नळकांड्यातून आल्या आहेत.

दादा, हात जोडते, हे लोकांसमोर बोलू नकोस. तू पडद्यावर चित्र लावशील, काठीनं पोकळी दाखवशील, आणि कुणीतरी उठून विचारेल की मास्तर, रेषा तर सरळ आहेत. इतक्या वर्षांनी मिळालेलं व्याख्यान. तुझं हसं झालं तर मला चालणार नाही. तुला हसण्याचा हक्क घरच्यांचा आहे.

तू मात्र माझं ऐकायचंच नाही असं ठरवून बसला आहेस. लहानपणी पतंग झाडात नाही, ढगात अडकलाय म्हणायचास, तसं.

लोभ असावा, आणि कानही असावेत.
तुझी
ठिणगी

२७ ऑगस्ट

चि. ठिणगीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझी पट्टी तुझ्याकडेच असू दे. शनिवारी आमच्याकडे व्याख्यानाची तालीम झाली. मंडळाचे अध्यक्ष आणि ग्रंथपालबाई आल्या होत्या. मी मध्यावर बोट ठेवून विचारलं की हे वाकणं दिसतं का. अध्यक्षांना तत्काळ दिसलं. एवढंच नव्हे, त्यांना त्यात भांडवलशाहीचा मोडलेला कणाही दिसला. ग्रंथपालबाईंच्या डोळ्यांत तर पाणी आलं. त्यांना सर्दी होती असं तुझ्या वहिनीचं मत आहे, पण ती तुझ्या पक्षाची आहे.

आणखी ऐक. कादंबरीवाला लेखक अगदी हीच युक्ती करतो हे मला उशिरा उमगलं. तो वाक्याच्या मधलाच शब्द गाळतो. नवरा उंबऱ्यात थांबला, पाहिलं आणि आत गेला. कशाकडे? तो शब्दच नाही! तिथे नुसती धूसर मोकळी जागा. एकदा नव्हे, पानोपानी. चित्रात मध्य नाही, वाक्यात मध्य नाही. सारं अमेरिकन वाङ्मय मध्यभागी रिकामं आहे, हा माझा सिद्धांत आता पक्का झाला आहे आणि तो मी मांडणार.

हल्ली सगळेच माझ्या विरोधात आहेत. वर्गातली मुलं म्हणतात मी ओळी गाळतो. घरातला कप बशीवर नीट बसत नाही. निदान तू तरी दोन पत्रं वाद न घालता लिहून बघ.

लोभ आहे, पण सध्या पातळ झाला आहे.
दादा

१ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वाद घालत नाही. नीट वाच, नाहीतर वहिनीकडून वाचून घे.

त्या वाक्यात शब्द आहे. माझ्या प्रतीत आहे, तुझ्याही असणार. नवरा उंबऱ्यात थांबला, मुलीच्या सायकलकडे पाहिलं आणि आत गेला. मुलीच्या सायकलकडे, दादा. लेखकानं टोल दिला आहे. तो तुला दिसला नाही.

हे वाचून मी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, हल्ली तू मान तिरकी करून वाचतोस, जणू पुस्तक कानानं ऐकतोयस. चहा कपाबाहेर ओततोस. दाराची चौकट वाकली म्हणून सुताराला बोलावलंस, त्यानं ओळंबा सोडून ती सरळ असल्याचं दाखवलं, तर त्याच्याशी भांडलास. वहिनीला वाटलं, व्याख्यानाचं दडपण आहे. मी माझ्या काचेचा अपमान झाला म्हणून फुगून बसले होते. नाहीतर हे मला पहिल्याच पत्रात कळायला हवं होतं.

आता एवढंच कर. चित्र भिंतीवर टांग. आधी डावा डोळा हातानं झाक आणि रेषा बघ. मग उजवा झाक आणि बघ. दोन्ही वेळा काय दिसलं ते लिही. सिद्धांत नको, उपमा नको. मग डॉक्टरकडे जा. हे पत्र मिळेल त्याच दिवशी.

लोभ आहे. म्हणूनच लिहिते आहे.
तुझी
ठिणगी

९ सप्टेंबर

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सर्वप्रथम तुझ्या काचेची बिनशर्त माफी मागतो. पट्टीचीही. सुताराची माफी तुझी वहिनी मागून आली.

तू सांगितलंस तसं केलं. डावा झाकून उजव्यानं पाहिलं. आई ज्याला आळशी डोळा म्हणायची, ज्यानं जन्मात एक ओळ वाचली नाही, त्याला सगळं पुसट दिसलं, पण सरळ. मग उजवा झाकला. डाव्यानं पाहिलं तर रेषा वाकल्या आणि करडी सावली मधोमध येऊन बसली. दाराकडे पाहिलं, सावली दारावर. तुझी वहिनी समोर उभी होती. तिच्याकडे पाहिलं, तर सावली तिच्या चेहऱ्यावर. तिथे माझं वैयक्तिक आकलन संपलं.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीएवढ्या आहेत. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मध्य बिघडला आहे म्हणाल्या. आत पाझरतं आहे. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, पहिलं मंगळवारी. गेलेलं परत येईलच असं नाही, उरलेलं राखता येईल कदाचित. थोडं आधी यायला हवं होतं. मग त्यांनी एक कार्ड दिलं. रोज सकाळी ते डोळ्यासमोर धरून रेषा आणखी वाकतात का बघायचं. ठिणगे, त्या कार्डावर आडव्याउभ्या रेषा आहेत. हुबेहूब तुझं चित्र. मध्ये एक ठिपका, तो तेवढा अमेरिकन बाईंनी दिला नव्हता. मी म्हणालो, कार्ड राहू द्या, हे आमच्या भिंतीवर टांगलेलं आहे, बहिणीनं फ्रेम करून दिलंय. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

व्याख्यान पुढे ढकललं. अध्यक्षांना कारण सांगितलं, तर ते म्हणाले की त्यांना रेषा अजूनही वाकलेल्या दिसतात. त्यांचे दोन्ही डोळे ठणठणीत आहेत. हा रोग कुठला, ते मी डॉक्टरीणबाईंना विचारणार आहे.

वहिनीकडून ते वाक्य वाचून घेतलं. सायकल आहे. अख्ख्या पुस्तकात त्या लेखकानं मुलीचं नाव काढलं नाही म्हणून मी त्याला बोल लावत होतो. त्यानं काढलं तेव्हा नेमकं मला दिसलं नाही. मी वहिनीला ते पुन्हा वाचायला लावलं. मग मी म्हणालो की न्हाणीघरातल्या नळाचा वॉशर बदलायला झालाय. ती उठून आत गेली.

तू साध्या शब्दांत लिहायला सांगितलंस. ते मला कधी जमलं नाही, पण लिहितो. आजवर वाचलं ते सगळं या एका डाव्या डोळ्यानं. हा गेला तर उजवा त्याची जागा घेणार नाही. शिकवणं पाठांतरावर काही काळ निभेल, मुलांना कळणारही नाही. पण नवं काही वाचता येणार नाही. सुईची भीती नाही. सकाळी उठून पुस्तकाला हात न लावता जो माणूस घरात हिंडेल, त्याची आहे. तो काय करेल, कुणाशी भांडेल, मला माहीत नाही. वहिनीला हे बोललो नाही. ती वाचनाच्या खोलीतला दिवा बदलून घेते आहे.

मंगळवारी दुकान बंद ठेवता आलं तर ये. कादंबरीची शेवटची पानं राहिली आहेत, ती मोठ्यानं वाचून दाखव. मुलगी परत येते की नाही, ते आधी सांगू नकोस.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवायला नको. सध्या तेवढा पुरतो आहे.

अंगण सरळच होतं गं. मला फार भीती वाटते आहे.

तुझा
दादा