आई चोपड्याला राहणार

३ फेब्रुवारी, सोमवार

बोलून बसलो! पेन्शनच्या कामासाठी आईला बँकेत नेलं होतं, म्हटलं आलोच आहोत तर चोपडे गावात घ्यायच्या फ्लॅटच्या कर्जाचं विचारून घेऊ. मॅडम म्हणाल्या, पर्यटकांना भाड्याने द्यायचा असेल तर कमर्शियल लोन — व्याज चढं, वर दुसरं घर तारण. घरचं माणूस राहणार असेल तर साधं होम लोन.

"आई राहणार," मी ठोकून दिलं. "तिचं माहेर आहे ते."

आई शेजारीच! तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, "खरेंच रे रुद्रेश?"

मी उगाच हॉर्न वाजवला.

४ फेब्रुवारी

आज सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आई म्हापशाच्या बाजारातून मातीचं कुंडलं, हुमण म्हणजे माशाचं कालवण रांधायचं भांडं, घेऊन आली. "चोपड्याच्या घराक. थंयच्या हुमणाची रुचच वेगळी." मग विचारते, "गॅलरीतल्यान न्हंय दिसता मरे?"

दिसते. नदी दिसते म्हणूनच तर पर्यटक येणार! एवढं म्हणायला जीभ रेटली नाही.

रात्री श्रद्धा म्हणाली, "तुम्ही सांगता की मी सांगू?" म्हटलं, कर्ज तरी मंजूर होऊ दे. ती पाठ फिरवून झोपली. कुठल्या तोंडाने रागवायचं तिच्यावर? बायको बरोबर आहे आणि मी नालायक आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

हे व्हायला नको होतं.

आईने हट्टाने देवळात नेलं. नारळ ठेवला. गुरवाला तिने आधीच सगळं सांगून ठेवलेलं! त्याने मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घातलं — "बा देवा म्हाराजा, ही पद्मावती माहेरच्या गावात र्‍हावंक वता, तिका थंय सुखान ठेव!"

सगळे थांबले. गाऱ्हाण्याला घरच्या पुरुषाने होकार द्यायचा असतो.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

आईने डोळे पुसले. मी प्रसादाचं खोबरं रुमालात गुंडाळून खिशात टाकलं. बँकेला थाप मारली ती मारली, देवासमोर उभं राहूनसुद्धा तेच!

१० फेब्रुवारी, सोमवार

एकटाच बँकेत गेलो. मॅडमना खरं सांगितलं — कोणी राहणार नाही, भाड्यानेच द्यायचा आहे, कमर्शियल लोन करा. व्याज असेना का चढं! बाहेर आलो तर किती हलकं वाटलं. पायरीवर उभा राहून चहा प्यायलो. आता आईला सांगणंही जमेल असं वाटलं.

मग आठवलं, मॅडमनी तारणाचं विचारलं तेव्हा मी डिचोलीचं राहतं घर लिहून दिलं. हप्ते थकले तर तेच जाणार. आणि ते आईच्या नावावर आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तारणाचे कागद तिच्यापुढे ठेवले. खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच बोलली, "खंय सही घालूं सांग. चोपड्याक वतां न्हय हांव? हें घर म्हाका आतां कित्याक?"

मी पेनाचं टोपण काढून दिलं.