हजेरीपुस्तकातली वीस माणसं

३ मार्च
चि. चिंगीस दादाचे अ. उ. आ.
तुझ्या वहिनीने माझं डोकं खाल्लंय. काच घासायच्या खात्यात धूळ फार, माणसांना दम लागतो, तर बदली घेऊन पॅकिंगमध्ये जा, हे तिचं पालुपद. अर्ज पंधरा तारखेपर्यंत द्यायचाय. तू कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतेस, तूच सांग. मुकादम म्हणून हजेरीपुस्तक माझ्याकडेच, ते काढून मोजलं: खात्यात माझ्यासकट वीस माणसं, तिघांना दम, मी त्यांत नाही. बाकी कारखान्यात दहात एकाला. घाबरायचं का?
उत्तर लवकर धाड.
दादा

७ मार्च
ती. दादास शि. सा. न.
शाळेत तुझे पाढे मीच म्हणायचे, अजून सुटका नाही! तर ऐक. आधी धरून चालायचं की तुमच्या खात्यात वेगळं काही नाही. तसं असलं तरी विसांत तीन किंवा जास्त आजारी निघणं शंभरात बत्तीसदा नुसत्या योगायोगाने घडेल. पाचाहून कमी वेळा घडणारं असतं, तर कुठेतरी पाणी मुरतंय म्हटलं असतं. एवढ्यावरून धुळीला दोष देता येत नाही. पेपर तपासायचेत, घाईत आहे.
लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
चिंगी

१९ ऑगस्ट
चि. चिंगीस अ. आ.
तुझं पत्र यांनी खात्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. धोका नाही, बहिणीने तपासलंय, म्हणाले. कुणीच बदली घेतली नाही. आता यांना जिना चढवत नाही. काल आधीच्या मुकादमाची बायको भेटली. तो दमानेच घरी बसलाय, आणि दोन वर्षांत याच खात्यातले आणखी चौघं. दुसऱ्या खात्यांतला असा एकही नाही. हे पाच जण यांनी तुला कळवले होते का गं?
तुझी वहिनी

२४ ऑगस्ट
ती. दादास,
तू कळवलं नाहीस, मीही विचारलं नाही. हजेरीपुस्तकात काम झेपणारेच उरतात, हे मी दर वर्षी पोरांना शिकवते. पाच धरले तर पंचविसांत आठ. असं योगायोगाने हजारात दोन-तीनदाच घडेल. आणि दोष सिद्ध झाला नाही म्हणजे दोष नाही असं नव्हे, हे एक वाक्य लिहायचा मी आळस केला. माझी मलाच लाज वाटते. दादा, आजच्या आज काम सोड. दोघं इकडे या.
चिंगी

२ सप्टेंबर
चि. चिंगीस अ. आ.
स्वतःला बोल लावू नकोस. ते वाक्य असतं तरी मी सोयीचं तेवढंच वाचलं असतं. मुकादमी सोडणं जिवावर आलं होतं. हेही पत्र खात्यात वाचून दाखवलं, या वेळी बसून. मुदत कधीच टळली, तरी बारा जणांनी बदलीचे अर्ज दिले. परवा डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो काढला. तुझ्या हिशेबात दुरुस्ती कर बाई. आठ नाही, नऊ.
तुझाच,
दादा